२०० एफपीएस दिसतात, मॉनिटर १६५ हर्ट्झचा आहे, तरी गेम का अडखळतो?

प्रश्न थोडक्यात असा: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० कार्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि नवा २७ इंची, १४४०पी, १६५ हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर. व्हॅलोरंटमध्ये एफपीएसचा (कार्ड सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, तयार करतं त्याचा) काउंटर २०० च्या वर असतो, सायबरपंक २०७७ मध्ये ६० ते ७०. पण जुन्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरपेक्षा फारसा फरक वाटत नाही, कॅमेरा फिरवताना चित्र मधूनच फाटतं आणि अधूनमधून गचका बसतो. व्ही-सिंक चालू ठेवावा की बंद? की १६५ हर्ट्झसाठी मोजलेले पैसे पाण्यात गेले?

पैसे पाण्यात गेलेले नाहीत. फक्त तुम्ही तीन वेगळ्या तक्रारी एकाच मोटेत बांधल्या आहेत: फरक जाणवत नाही, चित्र फाटतं, गचका बसतो. तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. कोपऱ्यातला २०० चा आकडा यांतल्या एकाबद्दलही काही सांगत नाही, कारण तो सरासरी असतो. डोळ्याला सरासरी दिसत नाही, एकामागून एक येणाऱ्या फ्रेममधलं अंतर दिसतं. म्हणून यापुढे एफपीएस सोडून मिलिसेकंदांत विचार करा.

६० एफपीएस म्हणजे दर १६.६७ मिलिसेकंदांना एक फ्रेम. १४४ ला हे अंतर ६.९४ होतं, १६५ ला ६.०६, २४० ला ४.१७. म्हणजे ६० वरून १६५ वर जाताना प्रत्येक फ्रेममागे साडेदहा मिलिसेकंद वाचतात आणि १६५ वरून २४० वर जाताना जेमतेम दोन. दुकानात २४० किंवा ३६० चा आकडा पाहून मन चळलं तर एवढी वजाबाकी करून पाहावी.

आणि हे पक्कं धरा की एफपीएस कार्डाचे, हर्ट्झ मॉनिटरचे. कार्ड जमेल त्या वेगाने फ्रेम तयार करतं. मॉनिटर आपल्या ठरलेल्या ठेक्यावर, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, सेकंदाला १६५ वेळा चित्र रंगवतो. ही दोन स्वतंत्र घड्याळं आहेत, आणि मुद्दाम जुळवल्याशिवाय ती जुळत नाहीत.

मॉनिटर खरोखर १६५ वर चालतोय का?

"फरक जाणवत नाही" या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण हास्यास्पद वाटेल इतकं साधं आहे: मॉनिटर ६० वरच चालू असतो. नवा मॉनिटर जोडला की विंडोज बऱ्याचदा ६० हर्ट्झ निवडतं आणि गप्प बसतं. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा आणि रिफ्रेश रेटच्या यादीतून १६५ निवडा. दोन मॉनिटर असतील तर वर कोणता मॉनिटर निवडलाय ते आधी बघा, नाहीतर दुसऱ्याचाच आकडा बदलून बसाल.

यादीत १६५ नसेलच, तर केबलकडे वळा. २५६० गुणिले १४४० गुणिले १६५ गुणिले २४ बिट, म्हणजे सेकंदाला साधारण १४.६ गिगाबिट नुसतं चित्र. त्यावर ओळींमधल्या मोकळ्या वेळेची भर वेगळी. एचडीएमआय २.० ची तार १८ गिगाबिटची म्हणून विकली जाते, पण प्रत्यक्ष चित्रासाठी त्यातले १४.४ च उरतात. म्हणून १४४०पी चे बरेच मॉनिटर एचडीएमआयवर १४४ ला अडतात. मॉनिटर बिघडलेला नसतो, पाइपच अरुंद असतो. डिस्प्लेपोर्ट १.२ चित्रासाठी १७.२८ गिगाबिट देतो, १.४ तर २५.९२. तुमच्या कार्डावर डिस्प्लेपोर्ट १.४ए आहे, तोच वापरा. बॉक्समधली तार आधी लावून पाहा. बाहेरून घेतलेली स्वस्त, लांबलचक तार असेल आणि चित्र मधूनच काळं होऊन परत येत असेल, तर पहिला संशय तारेवर घ्या.

तार मदरबोर्डला न लावता कार्डाला लावायची, हेही सांगून ठेवतो. तुमच्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे मदरबोर्डला लावली तर पडदा काळाच राहील आणि चूक लगेच कळेल. ५६००जी किंवा ग्राफिक्स असलेल्या इंटेल प्रोसेसरवाल्यांची मात्र फसगत होते. चित्र येतं, विंडोज चालतं, आणि एवढं महागाचं कार्ड घेऊनही गेम का रखडतोय, यावर महिनाभर खल चालतो.

आणखी तीन जागा तपासा. काही मॉनिटरांत १४४ च्या वरचा वेग "ओव्हरक्लॉक" या नावाखाली मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत दडलेला असतो. तो तिथे चालू केल्याशिवाय विंडोजला दिसत नाही. दुसरी जागा म्हणजे एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधली रिझोल्यूशनची यादी. ती दोन भागांत असते, वर टीव्हीसाठीचे "अल्ट्रा एचडी, एचडी, एसडी" आणि खाली "पीसी". वरच्या भागातून रिझोल्यूशन निवडलं तर कधीकधी ६० च मिळतो, पूर्ण वेग खालच्या भागात असतो. तिसरी जागा गेमच्या आत: पूर्ण फुलस्क्रीनमध्ये काही गेम स्वतःचा रिफ्रेश रेट धरून बसतात आणि तिथे ६० राहिलेला असतो.

खात्री करायला मॉनिटरच्या बटणांनी उघडणारा माहितीचा मेन्यू बघा. विंडोज काय म्हणतं त्यापेक्षा तिथला आकडा खरा. सोपी चाचणी हवी असेल तर डेस्कटॉपवर माउस गोल गोल फिरवा. ६० ला कर्सरच्या आकृत्या दूर दूर पडलेल्या दिसतात, १६५ ला जवळजवळ.

चित्र का फाटतं आणि व्ही-सिंकचं काय करायचं

मॉनिटर वरून खाली चित्र रंगवत असताना मध्येच कार्डाने नवी फ्रेम दिली, तर पडद्याचा वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा राहतो. मधला सांधा म्हणजेच टेअरिंग. एफपीएस हर्ट्झच्या वर गेले तरच चित्र फाटतं हा समज सगळीकडे पसरलाय, पण तो चुकीचा आहे. ७० एफपीएसलाही फाटतं, कारण दोन घड्याळं जुळलेली नसणं हेच मुळात कारण आहे. १६५ हर्ट्झवर फाटलेला सांधा सहा मिलिसेकंदच टिकतो, म्हणून कमी टोचतो, इतकंच.

व्ही-सिंक यावर कार्डाला थांबवून ठेवतो: मॉनिटरची फेरी पूर्ण होईपर्यंत नवी फ्रेम द्यायची नाही. चित्र फाटणं बंद होतं, पण किंमत मोजावी लागते. तुमचं कार्ड २०० च्या वर फ्रेम करू शकत असेल, तर तयार फ्रेम रांगेत उभ्या राहतात आणि तुम्ही माउस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत दोन-तीन फेऱ्या उलटतात. ६० हर्ट्झवर तीन फ्रेमची रांग म्हणजे ५० मिलिसेकंद, हाताला सहज कळण्याइतका उशीर. कार्ड हळू असेल तर वेगळीच अडचण येते. फक्त दोनच बफर (तयार फ्रेम ठेवायच्या जागा) वापरणाऱ्या गेममध्ये एक फेरी चुकली की थेट पुढच्या फेरीची वाट बघावी लागते, म्हणून १६५ वरून एकदम ८२.५, तिथून ५५. सायबरपंकमध्ये तुमचे ६५ येतायत, अशा व्ही-सिंकमध्ये ते ५५ वर आदळतील. तीन बफर असले तर हे आदळणं टळतं, पण ठेका मात्र विस्कटलेलाच राहतो.

तो कसा विस्कटतो बघा. ६५ एफपीएस म्हणजे दर १५.४ मिलिसेकंदांना एक फ्रेम, आणि मॉनिटरची एक फेरी ६.०६ ची. भागाकार अडीचच्या आसपास येतो. अडीच फेऱ्या असं काही नसतं, म्हणून एक फ्रेम दोन फेऱ्या पडद्यावर राहते (१२ मिलिसेकंद) आणि पुढची तीन (१८ मिलिसेकंद). काउंटर शांतपणे ६५ दाखवतोय आणि कॅमेरा फिरवताना चित्र मात्र लंगडत चाललंय. तुमच्या "फारसा फरक वाटत नाही" मागे हेही असणार.

यावर खरा उपाय म्हणजे मॉनिटरनेच कार्डाची वाट बघायची. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणलं, त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं मॉड्यूल लागायचं आणि किंमत चढायची. २०१४ मध्ये डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये अॅडॅप्टिव्ह-सिंक आलं, एएमडीचं फ्रीसिंक त्यावरच उभं राहिलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपल्या कार्डांना अशा मॉनिटरांवर परवानगी दिली. त्यामुळे आज खोक्यावर फ्रीसिंक लिहिलेला मॉनिटर तुमच्या ४०६० बरोबर चालतो. अट एवढीच की जोडणी डिस्प्लेपोर्टची हवी. एचडीएमआयवर एनव्हिडियाचं कार्ड मॉनिटरच्या जुन्या फ्रीसिंकशी बोलत नाही, तिथे एचडीएमआय २.१ चा व्हीआरआर (बदलता रिफ्रेश रेट) लागतो.

आता क्रमाने करा. मॉनिटरच्या मेन्यूत अॅडॅप्टिव्ह-सिंक किंवा फ्रीसिंक चालू करा. हे आधी, कारण त्याशिवाय ड्रायव्हरमध्ये पुढचा पर्याय दिसतच नाही. मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये "सेट अप जी-सिंक" उघडून ते चालू करा. एनव्हिडियाने प्रमाणित न केलेला मॉनिटर असेल तर खाली "निवडलेल्या डिस्प्ले मॉडेलसाठी सेटिंग चालू करा" अशा अर्थाची चौकट असते, तीही टिक करा. त्यानंतर "मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज"मध्ये व्हर्टिकल सिंक "ऑन" ठेवा, आणि गेमच्या आतला व्ही-सिंक बंद.

इथे लोक गोंधळतात: जी-सिंक आहे तर व्ही-सिंक कशाला? कारण फ्रेमचा वेळ सारखा थोडा खालीवर होत असतो. सरासरी मर्यादेच्या आत असली तरी एखादी फ्रेम घाईने येते आणि पडद्याच्या खालच्या भागात सांधा दिसतो. ड्रायव्हरमधला व्ही-सिंक तेवढा सांधा मिटवतो. जी-सिंकच्या पट्ट्यात (मॉनिटर ज्या हर्ट्झच्या दरम्यान कार्डाची वाट बघू शकतो त्यात) असताना तो रांग लावत नाही, त्यामुळे वर सांगितलेला उशीर होत नाही. फक्त त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं नाही.

आणि बाहेर पडू नये म्हणून एफपीएसला लगाम. १६५ हर्ट्झला १६५ वर नव्हे, किमान तीन खाली, म्हणजे १६२ किंवा त्याहून कमी. बरोबर १६५ वर ठेवला तर गेम सतत वरच्या काठावर आपटतो आणि व्ही-सिंकची रांग लागते. ज्या गेममध्ये एनव्हिडिया रिफ्लेक्स ही उशीर कमी करणारी सोय आहे (व्हॅलोरंट, सायबरपंक, काउंटर-स्ट्राइक २) तिथे जी-सिंक, व्ही-सिंक आणि रिफ्लेक्स तिन्ही चालू असले की ड्रायव्हर स्वतःच लगाम घालतो: १४४ ला १३८ च्या आसपास, १६५ ला १५७ च्या आसपास, २४० ला २२५ च्या आसपास. काउंटर अचानक १५७ वर खिळला म्हणून घाबरून जाऊ नका, जोडणी नीट झाल्याचीच ती खूण. रिफ्लेक्स नसलेल्या गेममध्ये लगाम शक्यतो गेमच्या आतलाच वापरा, त्यात उशीर सगळ्यात कमी. तो नसेल तर रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर हे सॉफ्टवेअर. त्यात उशीर किंचित जास्त, पण फ्रेममधलं अंतर फार एकसारखं ठेवतो.

जी-सिंक खरंच काम करतंय का, हे मॉनिटरच्या मेन्यूतला रिफ्रेश रेटचा आकडा सांगतो. गेम चालू असताना तो एफपीएसबरोबर नाचला पाहिजे. १६५ वर ठोकल्यासारखा उभा असेल तर काहीतरी राहिलंय.

हा पट्टा खालच्या बाजूलाही संपतो, बहुतेक मॉनिटरांत ४८ च्या आसपास. त्याखाली गेलं की ड्रायव्हर तीच फ्रेम दोनदा दाखवतो, ४० एफपीएसला मॉनिटर ८० वर चालतो. यासाठी वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या निदान दुप्पट-अडीचपट लागते. ४८ ते १६५ मध्ये ती आहे. स्वस्त ७५ हर्ट्झच्या मॉनिटरांत ४८ ते ७५ असा पट्टा असतो, तिथे ४८ च्या खाली सगळं पुन्हा फाटायला किंवा लंगडायला लागतं. मित्राला ७५ हर्ट्झचा "फ्रीसिंकवाला" मॉनिटर सुचवण्याआधी हे लक्षात असू द्या.

व्हॅलोरंटमध्ये याउलट करणारेही चूक नाहीत: सगळे सिंक बंद, लगाम नाही, रिफ्लेक्स चालू. ३०० एफपीएस आले तर पडद्यावरच्या फ्रेममधली माहिती जेमतेम ३.३ मिलिसेकंद जुनी असते, मॉनिटर १६५ चा असला तरी. काही मिलिसेकंदांचा फायदा मिळतो, बदल्यात बारीक फाटणं सहन करायचं. रँक्ड खेळणाऱ्याला हा सौदा पटू शकतो. पण २०० च्या आसपासच आणि तेही खालीवर होणारे एफपीएस असतील, तर १५७ चा सपाट ठेका नेम धरायला सोपा जातो, असं माझं मत.

गचका मात्र मॉनिटरचा नाही

सिंक कितीही नीट लावा, कार्डाकडून फ्रेमच उशिरा आली तर मॉनिटर काय करणार? एका सेकंदात १०० फ्रेम ५-५ मिलिसेकंदांत आल्या आणि ५ फ्रेमना प्रत्येकी १०० मिलिसेकंद लागले, तर काउंटर १०५ दाखवेल आणि गेम खेळण्याच्या लायकीचा नसेल. म्हणून सरासरी सोडून फ्रेमटाइमचा आलेख बघा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर यांच्या जोडीने तो पडद्यावर आणता येतो. व्हॅलोरंटमध्ये वेगळं काही लागत नाही, व्हिडिओ सेटिंगमधल्या स्टॅट्सच्या पानावर सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयू (कार्ड) यांचा वेळ वेगवेगळा दाखवायची सोय आहे. आलेख सपाट हवा. सुया उभ्या राहिल्या की त्या क्षणी काय घडलं ते शोधायचं.

आधी दोषी कोण ते ठरवा. जीपीयूचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने चालतंय, सेटिंग उतरवा. वापर ६०-७० टक्के आणि एफपीएस तरी वाढत नसतील, तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. शंका असेल तर रिझोल्यूशन १४४०पी वरून ७२०पी वर आणा. एफपीएस उसळले तर कार्डाची मर्यादा होती. जिथल्या तिथेच राहिले तर प्रोसेसरची, आणि मग सावल्या-पानं-गवत कितीही कमी केलं तरी फारसा उपयोग नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३५ टक्केच दिसतो म्हणून तो निर्दोष ठरत नाही. बारा थ्रेडमधला एक पूर्ण भरलेला असला की गेम तिथेच अडतो, बाकीचे अकरा रिकामे बसले तरी.

व्हॅलोरंट जवळजवळ नेहमी प्रोसेसरवर अडतो, त्यामुळे तुमच्या २०० मागे कार्ड नाही. इथे माझा पहिला संशय रॅमवर. १६ जीबी म्हणालात, पण ८-८ च्या दोन की १६ ची एकच? तयार जोडून मिळणाऱ्या मशीनमध्ये एकच पट्टी टाकायची पद्धत आहे, "नंतर वाढवता येईल" असं सांगून. एका पट्टीला एकच वाट मिळते, बँडविड्थ अर्धी, आणि त्याचा फटका सरासरीपेक्षा सगळ्यात हळू फ्रेमना जास्त बसतो. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत आणि वेग किती ते दिसतं. वेग २१३३, २४०० किंवा २६६६ दिसला आणि पट्टीवर ३२०० छापलेलं असेल, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) छापलेला वेग लागू करणारं एक्सएमपी (काही बोर्डांवर डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी) चालू करायचं राहिलंय. दोन मिनिटांचं काम आणि फुकट. दुसरी पट्टी घेणार असाल तर त्याच वेगाची घ्या आणि बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोडीत बसवा. चार स्लॉटच्या बोर्डांवर ती बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी जागा असते.

सायबरपंकमध्ये कारण वेगळं. ४०६० ला ८ जीबी मेमरी आहे. १४४०पी, टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) हाय आणि वर रे ट्रेसिंग (प्रकाशाची बारीक आकडेमोड) म्हणजे ती काठोकाठ भरते. भरली की टेक्श्चर साध्या रॅममधून आणावी लागतात, आणि या कार्डाला पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेच्या) आठच लेन आहेत. बोर्ड बी४५० वगैरे जुना असेल तर तो पीसीआय एक्सप्रेसच्या जेन ३ (तिसऱ्या पिढी) वरच चालतो, म्हणजे ती वाट आणखी निम्मी. लक्षण ओळखायला सोपं आहे: गेम सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं छान, मग शहरात गाडीने वेगात गेलं की गचके. टेक्श्चर एक पायरी खाली आणा, रे ट्रेसिंग बंद करून पाहा. टेक्श्चरने सरासरी एफपीएस फारसे बदलत नाहीत, पण गचके जातात.

नव्या ठिकाणी पहिल्यांदा गेल्यावरच गचका बसतो आणि दुसऱ्यांदा तिथेच बसत नाही, असं असेल तर तो शेडर (चित्र रंगवण्यासाठी कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याचा. अनरिअल इंजिनवरच्या डायरेक्टएक्स १२ गेममध्ये हा रोग जुना आहे. सुरुवातीला "शेडर कम्पाइल होत आहेत" असं येतं तेव्हा घाई करून पुढे जाऊ नका. ड्रायव्हर बदलला की हे काम पुन्हा पहिल्यापासून होतं. त्यामुळे अपडेटनंतरच्या पहिल्या दिवशी गेम बिघडला असं ठरवू नका. कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅशचा आकार १० जीबी करून ठेवा.

अर्ध्या तासाने एफपीएस घसरू लागत असतील तर तापमान. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीच ४० अंशांवर असते, तिथे कॅबिनेट भिंतीला चिकटवून आणि पुढची काच बंद ठेवून पंखे बिचारे काय करणार. गेम सुरू केल्यावर पाच मिनिटांनी आणि चाळीस मिनिटांनी कार्डाचा क्लॉक (चालण्याचा वेग) किती आहे ते लिहून ठेवा, उत्तर मिळेल.

६५ एफपीएसचं १६५ वर काय करायचं

सायबरपंकमध्ये १६५ गाठायचा हट्ट सोडा. जी-सिंक चालू असताना सपाट ७५-८० मिळाले तर हा गेम सुंदर चालतो. डीएलएसएस "क्वालिटी"वर ठेवा. १४४०पी ला तो आतून १७०७ बाय ९६० चं चित्र काढून मोठं करतो आणि पाहताना फारसं कळत नाही. मग एफपीएस ७० च्या खाली सहसा जात नाहीत अशी सेटिंग शोधा आणि लगाम तिथेच जवळपास घाला. ६० आणि ११० च्या मध्ये हेलकावे खाणाऱ्या गेमपेक्षा ७२ वर बांधलेला गेम हाताला चांगला लागतो.

फ्रेम जनरेशन तुमच्या कार्डावर आहे. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालतं. त्यासाठी पुढची खरी फ्रेम तयार होईपर्यंत आधीची रोखून धरावी लागते, म्हणून चित्र मऊ दिसतं पण हाताला उशीर वाढतो. ६० खऱ्या फ्रेम असतील तर १०० च्या वर जाऊन छान दिसेल. ३५ वरून ६५ केलेत तर पाहणाऱ्याला बरं वाटेल, खेळणाऱ्याला चिखलात चालल्यासारखं. शिवाय ते स्वतः मेमरी खातं, आणि ८ जीबीत आधीच दाटी आहे. स्पर्धेच्या गेममध्ये याचा विचारही नको.

ज्यांच्याकडे अॅडॅप्टिव्ह-सिंक नसलेला १४४ चा जुना मॉनिटर आहे, त्यांनी ६० एफपीएसच्या गेमसाठी मॉनिटर १२० वर आणावा. १४४ ला ६० ने भागलं की २.४ येतात, १२० ला पूर्ण दोन. आकडा कमी, ठेका बरोबर.

१६५ ला न जुमानणारे गेम

एल्डन रिंग ६० ला कुलूपबंद आहे. तिथे १६५ हर्ट्झचा उपयोग शून्य, आणि तुमच्या मशीनचा दोषही शून्य. असं कुलूप उगाच नसतं. काही गेमचं भौतिक गणित थेट फ्रेमला बांधलेलं असतं. २०११ च्या स्कायरिमची मूळ आवृत्ती ६० च्या वर नेली की टेबलावरची भांडी आपोआप उडायला लागायची. क्वेक ३ मध्ये तर उलटीच गंमत होती. आकडेमोडीतल्या पूर्णांकांच्या घोळामुळे १२५ एफपीएसला उडी जास्त उंच जायची, म्हणून खेळाडू मुद्दाम लगाम १२५ वर ठेवायचे. कुलूप तोडणारे मॉड मिळतात, पण ऑनलाइन गेममध्ये ते वापरले तर अँटी-चीट (फसवणूक पकडणारी यंत्रणा) खातं बंद करू शकतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर एएमडीच्या अधिकृत ड्रायव्हरमधल्या, उशीर कमी करणाऱ्या अँटी-लॅग प्लसमुळेच काउंटर-स्ट्राइक २ मध्ये बंदी येऊ लागली आणि एएमडीला ती सोय मागे घ्यावी लागली.

पॅनलबद्दल एवढंच

सगळं बरोबर असूनही हलणारं चित्र धूसर वाटत असेल, तर त्यातला एक भाग भौतिकच आहे. सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणारी वस्तू ६० हर्ट्झवर साधारण १६ पिक्सेल पुसट दिसते, १६५ वर सहाच्या आसपास. पण एफपीएसही १६५ असतील तरच. ६५ एफपीएसला मॉनिटर कितीही वेगाचा असो, पुसटपणा ६५ चाच. हे माहीत नसल्यामुळे सायबरपंक पाहून मॉनिटरला नावं ठेवली जातात.

मॉनिटरच्या मेन्यूतलं "ओव्हरड्राइव्ह" किंवा "रिस्पॉन्स टाइम" मधल्या पायरीवर ठेवा. खोक्यावरचा "१ एमएस" गाठायला कंपन्या जी सगळ्यात वरची पायरी देतात, तिच्यात वस्तूंच्या मागे उजळ भुतासारखी कड दिसते, आणि एफपीएस खाली आले की ती आणखी ठळक होते. "एमपीआरटी १ एमएस" असं लिहिलेलं असेल तर तो आकडा बॅकलाइट लुकलुकवून मिळवलेला असतो. ती सोय चालू केली की बहुतेक मॉनिटरांत अॅडॅप्टिव्ह-सिंक बंद पडतं आणि उजेड उतरतो. व्हीए या दुसऱ्या जातीच्या पॅनलवाल्यांना काळ्या भागात शाईसारखा ओघळ दिसतो, शिवाय अॅडॅप्टिव्ह-सिंकमध्ये लोडिंगच्या पडद्यावर उजेड थरथरतो. तुमचा आयपीएस आहे, या दोन्हीतून तुम्ही बऱ्यापैकी सुटलात.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक ओळ: चार्जर लावल्याशिवाय काहीही मोजू नका. बॅटरीवर पडदा बऱ्याचदा ६० वर येतो, कार्ड आखडतं, आणि व्हॅलोरंटमध्ये बॅटरीवरचा लगाम वेगळा असतो.

तर आज संध्याकाळी या क्रमाने करा: डिस्प्लेपोर्ट आणि १६५ तपासा, मॉनिटरमध्ये व ड्रायव्हरमध्ये सिंक लावा, टास्क मॅनेजरमध्ये रॅमच्या पट्ट्या आणि वेग बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर त्याच मॅपवर, त्याच जागी पाच मिनिटं खेळून आलेख बघा. तरीही गचके राहिले तर रॅमचा वेग, स्लॉटची संख्या, मदरबोर्डचं मॉडेल आणि गचक्याच्या क्षणी जीपीयूचा वापर किती होता, एवढं लिहून परत विचारा.